नत्थुजीला पसंत पडेल ती माती

एक्स-रेमध्ये काळी माती पांढरी दिसते, हे संघपालला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या गल्लीतल्या जनावरांच्या दवाखान्यात, कोपऱ्यात बांधलेल्या एका बकरीच्या समोर. डॉक्टर शकुन मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती आणि तिच्यात नत्थुजी आतून दिसत होता. नत्थुजी म्हणजे कासव. चौदा किलो, आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली जात, रीतसर कागदपत्रं असलेलं, प्रमाणपत्रावर लिंगाच्या रकान्यात ‘नर’ छापलेलं. दहा वर्षं वरून पाहिलेलं हे जनावर आतून असं असेल याची संघपालला कल्पना नव्हती. कणा थेट छताला चिकटलेला, घराचं आढं असतं तसा, आणि आढ्यावरून बरगड्या वाशांसारख्या दोन्हीकडं उतरलेल्या. म्हणजे लहानपणापासून शाळेत शिकवतात तसं हा प्राणी घर पाठीवर घेऊन वगैरे फिरत नव्हता. त्याचा पाठकणाच घरात चिणलेला होता, आणि बाहेर पडायचा प्रश्न त्याच्या जन्माआधीच निकालात निघाला होता. त्या घरात खालच्या अंगाला खसखस सांडावी तसे पांढरे खडे पसरलेले होते. खड्यांच्या मागं, एकमेकांना टेकून बसलेले, बारीक रेघेचे गोल. मॅडमनी पेनानं ते मोजले. सतरा झाले. पुन्हा मोजले, तरी सतराच.

“अंडी आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“कोनाची?” संघपालच्या बहिणीनं, पौर्णिमानं विचारलं.

“त्याचीच.” मॅडमनी फिल्म खाली ठेवली आणि दुरुस्ती केली, “तिचीच.”

“पन हा तं नत्थुजी हाये.”

“असू द्या की. अंडी सतरा आहेत.”

बकरी शिंकली. पौर्णिमा टेबलावरच्या नत्थुजीकडं पाहत राहिली, दहा वर्षं शेजारी राहणारा माणूस अचानक इंग्रजीत बोलायला लागल्यावर पाहावं तसं. मॅडमनी सगळं सावकाश समजावून सांगितलं. नऊ दिवस काही खाल्लेलं नाही, कारण अंडी तयार आहेत आणि ती धरून बसलीय. ही जात जमीन खणून अंडी घालते, आणि जमीन पसंत पडल्याशिवाय घालत नाही. इंजेक्शन आहे, पण जागाच नसेल तर इंजेक्शनानं उलट घात होतो. हे पांढरे खडे म्हणजे चुना. अंड्याच्या कवचाला लागतो, जिथं दिसला तिथून तिनं वेचून खाल्ला, आणि त्याच्याबरोबर माती गेली ती आत फुगून बसलीय. मातीचं मी औषधानं पाहते. अंड्यांचं तुम्ही बघा. कुठं ठेवता हिला?

“गॅलरीत. पेटी हाये मोठी, दिवानाएवढी.”

“खाली काय अंथरलंय?”

पौर्णिमानं संघपालकडं पाहिलं.

“माती,” तो म्हणाला.

“कसली माती?”

हा प्रश्न एरवी कुणी विचारला असता तर संघपालनं खुर्ची ओढून घेतली असती. अकोल्यात माती तपासणीच्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत तो सात वर्षं हेच करत होता. शेतकरी पिशवीतून अर्धा किलो माती आणतात. ती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, कागदावर गोल पसरायची, बोटानं चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा गोल, पुन्हा चार भाग. शेवटी चहाच्या चमच्याएवढी माती उरते आणि त्या चमच्यावरून पाच एकराचं भविष्य छापून द्यायचं: नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, खाली संघपालची सही. एकदा वलगावहून आलेला एक म्हातारा कार्ड उलटसुलट करून म्हणाला होता, “हे समदं ठीक हाये साहेब, पन वावर खुश हाये का?” त्यावर सगळी प्रयोगशाळा दोन दिवस हसली होती. संघपाल सगळ्यांत जास्त.

आणि टाकलेले दोन भाग? ते मागच्या दारानं जात. भिंतीला लागून सात वर्षांत छातीएवढा ढिगारा झाला होता. दर्यापूरची, अकोटची, बाळापूरची, तेल्हाऱ्याची, मूर्तिजापूरची, शेकडो वावरांची माती, कुणाची कुठली हे आता मातीलाही सांगता आलं नसतं. पेटीतल्या प्लास्टिकच्या गवतावरून कासवाचे पाय घसरतात, त्याच्या पायाखाली काहीतरी धड घाल, तू तर मातीतला माणूस, असं दिवाळीत पौर्णिमा म्हणाली तेव्हा संघपालला हा ढिगारा आठवला आणि आपण थोर आहोत असं वाटलं. त्यानं तीन पोती भरली. कीड राहू नये म्हणून भट्टीत तापवली, कुटली, चाळली. इतकी निर्मळ माती त्यानं आजवर कुणालाच दिली नव्हती. गॅलरीत पेटी भरून झाल्यावर दोघं बहीणभाऊ बराच वेळ उभे होते. त्यांचे आजोबा जन्मभर लोकांच्या वावरात राबले, आजोबांच्या बापानं तेच केलं. घराण्याच्या नावावर कधी एक गुंठा लागला नव्हता. आणि आता राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर, पाच तालुक्यांत शेती असलेला वऱ्हाडातला एकमेव प्राणी मान आत घेऊन बसला होता. “बाबा असते तं दिवसभर हसले असते,” पौर्णिमा म्हणाली होती.

बाबा म्हणजे किसनराव, पाटबंधाऱ्यातले निवृत्त कारकून. नत्थुजीला त्यांनीच आणलं होतं, निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात. “मले असा सोबती पायजे जो माह्या आधी जानार नाही,” एवढंच कारण त्यांनी दिलं. नाव ठेवलं त्यांच्या हेडक्लार्कवरून, कारण निर्णयाची फाईल समोर आली की तो असाच मान आत घेई. सकाळी गॅलरीत बसून ते नत्थुजीला पेपर वाचून दाखवत, निधनवार्तेपासून सुरुवात करून. संघपालला प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “तू माती तपासतो म्हंजे करतो काय?” त्यानं सांगितलं: नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. आन् माती?” दोन वर्षांपूर्वी त्यांना बरं वाटेनासं झालं तेव्हा त्यांचे रक्तालघवीचे कागद संघपालनंच पाहिले, घरात आकडे कळणारा तोच. सगळे आकडे रकान्यात बसत होते. “काही नाही बाबा, सगळं रेंजमध्ये हाये.” बाबांनी कागदाकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. “मंग मले काहून असं वाटून राहिलं?” अकराव्या दिवशी ते गेले. रेंजमध्येच.

“काळी माती,” संघपालनं मॅडमना सांगितलं. “चाळलेली.”

मॅडमनी फिल्मवरच्या पांढऱ्या खड्यांवर पेन टेकवलं, आणि त्याला सगळं दिसलं. पहिल्या आठवड्यात पेटीतून उडणारा धुरळा. नत्थुजीनं पाण्याची परात उलथली तेव्हाचा चिखल. वाळून झालेला दगड, त्या दगडाला पडलेल्या भेगा. आणि ती खरड. पौर्णिमा समोरच्या खोलीत नववीच्या पोरांना बीजगणित शिकवत असताना गॅलरीतून खर्र खर्र आवाज यायचा. पोरं म्हणायची, मॅडम, नत्थुजी गणित सोडवून राहिला. तिनं त्याचा व्हिडिओ करून पाठवला होता, ‘बघ कसा खेळून राहिला’. संघपालनं त्याला लाईकचा अंगठा टाकला होता. सहा आठवडे ती जागा शोधत होती. तिच्यासमोर शेकडो शेतकऱ्यांची जमीन होती आणि त्यात तिला नख रोवता येईना.

“दोन आठवडे देऊ,” मॅडम म्हणाल्या. “मोकळी जागा बघा, ऊन येणारी, दीड-दोन फूट खोल माती. मुठीत घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे, आणि बोटानं टोचलं की फुटला पाहिजे. तशी असेल तर ती खणेल. जागा धरली की फोन करा, इंजेक्शन लागलं तर बघू. नाही खणली तर नागपूरला न्यावं लागेल, कवच कापायची वेळ येते. वाचतात त्यातली काही.”

“पिल्लं होतील?” पौर्णिमानं विचारलं.

“नर जवळ आला होता कधी?”

“इथं?”

“मग पोकळ अंडी. घातली की उकरून काढून टाका, मुंग्या लागतात.”

“पोकळच हायेत तं एवढी जागा काहून पायजे तिले?”

“तिला कुणी सांगितलंय पोकळ आहेत म्हणून?” मॅडम म्हणाल्या आणि बकरीकडं वळल्या.

पायऱ्यांवर पौर्णिमा थांबली. नत्थुजी दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या टबात होती. “संघ्या,” ती म्हणाली, “बाबाच्या वक्ताले तू म्हणला सगळं बरोबर हाये. मी तुले कधी काही बोलली?”

“नाही.”

“आता बी नाही बोलत. पन हे गेलं तं बोलीन.”

तिसऱ्या मजल्यावर दोन फूट माती टाकायची तर इमारतीलाच कासव व्हावं लागलं असतं. अकोल्यात जठारपेठेत संघपाल भाड्यानं राहत होता तिथं मागं परसू होता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीत तो टब घेऊन चढला. कंडक्टरनं टबात पाहिलं.

“हे काय हाये?”

“कासव.”

“जित्तं?”

“हो.”

“कोंबडीचं तिकीट घेतो आमी. बकरीचं बी घेतो. कासव मशीनमंदी नाही.” त्यानं मशीनकडं अशा नजरेनं पाहिलं की चूक मशीनची आहे. “खाली उतरवू नोको, पन कोनाच्या पायाखाली बी ठेवू नोको.”

“पोटात अंडी हायेत तिच्या,” संघपाल म्हणाला. आपण हे का बोललो ते त्यालाही कळलं नाही. “सतरा.”

पुढच्या सीटवरची म्हातारी वळली. तिनं टबात डोकावून पाहिलं, मग संघपालकडं. “बाळंतपनाले घेऊन चालला का माहेरी?”

“अकोल्याले.”

“तेच तं. भावाच्या घरी.” ती खिडकीकडं सरकली आणि सीटवर हात आपटला. “ठेव इथं. उभं राहून जाईन का ती बिचारी?”

“बाळंतिनीचं तिकीट मी नाही घेत बाप्पा,” कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत म्हातारी टबावर हात ठेवून बसली होती. एकदाच म्हणाली, “वजन चांगलं हाये.” संघपाल मध्ये उभा राहून खिडकीतून दोन्हीकडची वावरं पाहत होता. कपाशी वेचणीला आली होती, तुरी उभ्या होत्या, आणि त्यांच्या बुडाशी काळी जमीन मैलोगणती पसरली होती. उन्हाळ्यात तिला माणसाचा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत घरंगळते, पावसात तळची फुगून वर येते. कुणी नांगरलं नाही तरी ही जमीन स्वतःला खालीवर करत राहते. हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, चार मार्क मिळाले होते. आज पहिल्यांदा त्याला ते भीतीदायक वाटलं. एवढं मोठं काहीतरी इतक्या सावकाश कूस बदलतंय आणि आपण त्याच्यावरून गाडी नेतोय.

घरमालकीण लीलाबाई परसात मेथी निवडत होती. सासर बोरगावकडचं, नवरा असेपर्यंत शेती, मग पोरीच्या शिक्षणासाठी अकोला. आता पोरगी पुण्यात आणि ती इथं. “एकटाच राहीन म्हनला होता तू,” ती म्हणाली. संघपालनं सगळं सांगितलं. तिनं मेथीची एक काडी नत्थुजीच्या नाकाशी नेली. नत्थुजीनं मान आत घेतली. “मोठ्या घरची दिसते,” लीलाबाई म्हणाली.

मग संघपालनं त्याला येतं तेच केलं. विटा लावून परसात नऊ चौकोन पाडले, तीन ओळींत तीन, प्रत्येकाला काडीवर नंबर. एकात नदीची रेती, एकात मुरूम, एकात मळणीतून उरलेलं तुरीचं कुटार, एकात सॉ मिलचा सागवानी भुसा, एकात नर्सरीतलं कोकोपीट. उरलेल्यांत यांची निरनिराळी मिश्रणं, वजन करून. फोटो मॅडमना पाठवले. त्यांनी फोनवरच तीन बाद केले: रेती पोटात गेली की दगड होते, भुशाची धूळ छातीत बसते, लाकडाला काय फवारलंय कोण जाणे. कुटार टोचतं आणि ओलं झालं की बुरशी धरतं. कोकोपीट चालेल, पण त्यात खणलेला खड्डा उभा राहणार नाही, भिंत ढासळेल. संघपालनं काड्या उपटल्या, नवीन मिश्रणं केली, नवीन काड्या रोवल्या. नत्थुजी सकाळी उन्हात निघायची आणि एकेक चौकोन घ्यायची. घाई अजिबात नाही. मान लांब करून नाक मातीला टेकवायची आणि तसंच ठेवायची, मिनिटभर, दोन मिनिटं. संघपालनं वहीत लिहिलं: ‘नमुना ४. नाक लावलं. गेली.’ ‘नमुना ७. पुढच्या पायानं एकदा ओढलं. गेली.’ पाचव्या दिवशी वहीत ‘गेली’ एकतीस वेळा होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की नमुना आपण घेतोय असं त्याला वाटत होतं खरं, पण तपासणी वेगळ्याच टेबलावर चालू होती. तिच्याकडं भट्टी नव्हती, काटा नव्हता, आम्ल नव्हतं. एक नाक होतं, आणि त्या नाकात तिच्या आईची, आजीची, डायनासोरांच्या वेळच्या कुण्या खापरपणजीची पसंती जशीच्या तशी उतरलेली होती. तिनं आयुष्यात जमीन पाहिली नव्हती. पेटीत वाढली, फरशीवर वाढली. तरी नाही म्हणायचं कशाला हे तिला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत त्या दिवसांत त्याचे आकडे चुकू लागले. चाळणी हलवता हलवता तो थांबायचा. वाळवून, कुटून, चाळून मग आपण विचारतो, कशी आहेस?

सातव्या दिवशी नत्थुजीनं नऊही चौकोनांना वळसा घातला आणि न्हाणीच्या मागं गेली. तिथं कडुनिंबाखाली एक उकिरडावजा उंचवटा होता. बावीस वर्षं लीलाबाईनं परसू झाडून तिथं लोटलं होतं: पाला, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या, फुटलेल्या कुंड्यांतली माती, गुलाब मेले की गुलाब. कुणी ती माती केली नव्हती. ती होत गेली होती. नत्थुजीनं नाक टेकवलं. संघपाल श्वास रोखून उभा होता. तीन मिनिटांनी तिनं संथपणे, आगगाडीचं इंजिन फिरवावं तशी, जागच्या जागी पाठ फिरवली आणि मागचा पाय मातीत घातला. एक ओंजळ वर आली. दुसरा पाय. आणि मग कचकन आवाज झाला. पायाला काच लागली होती. तिनं पाय ओढून घेतला, नखाजवळ रक्ताचा एक थेंब, आणि ती चालती झाली.

म्हणजे जागा हीच. फक्त तिच्यात बावीस वर्षांच्या काचा होत्या.

संघपालनं प्रयोगशाळेतून चाळणी आणली, दोन मिलिमीटरची, सात वर्षं हातात असलेली. एक बादली चाळली. खाली जी भुकटी पडली ती त्यानं ओळखली. दिवाळीत तीन पोती भरून नेली ती हीच. चाळणीवर ढेकळं उरली होती, मुळांचे केस, कुजक्या पानाची जाळी, पांढऱ्या बुरशीचे दोरे, एक गांडूळ आणि कसल्या तरी किड्याचं रिकामं घर. तो चाळणी हातात धरून बसला. माती वर राहिली होती. खाली पडलं होतं ते तिचं वजन. सात वर्षं तो वजनावर सह्या करत होता. त्यानं चाळणी भिंतीला टेकवून ठेवली आणि उकिडवा बसून हातानं वेचायला घेतलं.

रोज पहाटेच्या उजेडापासून कामावर जाईपर्यंत, आणि बुधवारी सुट्टी घेऊन दिवसभर. बोटं मातीत, डोळे मातीत. काचा, खिळे, अर्धं ब्लेड, बाटलीची बुचं, पेनची निब, राखीचा चमकता कागद. लीलाबाई शेजारी पाट टाकून बसे आणि प्रत्येक वस्तूची ओळख पटवे. “हे आरतीच्या भाउलीचं तंगडं. अन् तू बह्याडावानी रडली होती ती शोधत.” आरती म्हणजे पुण्याची पोरगी, ‘तू’ म्हणजे बहुधा आरतीच, लीलाबाई बोलताना समोरच्याला कुणीही करायची. पहिल्या दिवशी संघपालला माती काळपट दिसत होती. तिसऱ्या दिवशी ती एका रंगाची उरली नाही. ढेकूळ दोन बोटांत धरून हलकं दाबलं की ते मधोमध नाही, त्याच्या मनाला येईल तिथं फुटे, आणि आत बारीक बोगदे दिसत, कुठं मुंगी गेली होती, कुठं मूळ गेलं होतं, मूळ मेलं आणि त्याची वाट राहिली होती. त्या वाटांनी हवा खाली उतरत होती. त्यानं ढेकूळ नाकाशी नेलं. मिनिटभर तसंच धरलं. लीलाबाईनं ते पाहिलं.

वेचून झाली, पण थंडीत माती कोरडी होती, मुठीत गोळा होईना. त्यानं दोन बादल्या ओतल्या. चिखल झाला. दहावा दिवस. नत्थुजी आता दिवसभर भिंतीला तोंड लावून बसून असे, तिचे डोळे आत गेले होते. मॅडम फोनवर म्हणाल्या, नागपूरला सांगून ठेवते. पौर्णिमाचा रोज एकच निरोप: ‘काय झालं?’

“थांब,” लीलाबाई म्हणाली. “वाफसा येऊ दे.”

वाफसा हा शब्द संघपाल दिवसातून दहादा ऐकत होता. वाफसा आला की पेरू, वाफसा नाही म्हणून डवरा, कोळपणी थांबली. त्याचा अर्थही त्याला येत होता: मातीतली अर्धी पोकळी पाण्याची, अर्धी हवेची. पण प्रयोगशाळेत माती आली की पहिलं काम तिच्यातला वाफसा घालवणं. वाफसा असलेली माती त्यानं सात वर्षांत एकदाही मुठीत घेतली नव्हती. लीलाबाईनं बाराव्या दिवशी सकाळी मूठ भरली, दाबली, टोचली. “नाही आला.” संध्याकाळी पुन्हा. “येऊन राहिला.” तेराव्या दिवशी, रविवारी, ऊन भिंतीवरून उतरायच्या आधीच ती तिथं होती. तिनं मूठ उघडून संघपालसमोर धरली. हाताच्या रेषा उमटलेला गोळा होता. तिनं करंगळीनं टोचलं, आणि तो हसल्यासारखा फुटला.

“घे. आला.”

त्यानं स्वतः मूठ भरली. थंड होती, आणि थंडीच्या आत कुठंतरी ऊब होती. दाबताना ती थोडी मागं दाबत होती. इतकंच. याला आकडा नव्हता.

दहा वाजता त्यानं नत्थुजीला उचलून उंचवट्याशी ठेवलं आणि बादली पालथी घालून दोन हात अंतरावर बसला. अर्धा तास ती हलली नाही. मग नाक टेकवलं. मग पाठ फिरवली. डावा मागचा पाय मातीत गेला, तळहातासारखा वाकला, एक ओंजळ घेऊन वर आला, बाजूला ठेवली. मग उजवा. मग डावा. ती एकदाही मागं बघत नव्हती. तिला बघता येणारच नव्हतं. मान पुढं, समोर न्हाणीची भिंत, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच थांबून तिनं पाणी सोडलं, माती भिजवली, पुन्हा ओंजळ. खड्डा खाली जात होता आणि त्याची भिंत उभी राहत होती. ढासळत नव्हती. संघपालनं मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘इंजेक्शन नको. हात लावू नका.’ दोन तास लागले. शेवटी पाय तळापर्यंत पोचेना तेव्हा ती थांबली, आणि एक पांढरं, गोल, ओलं अंडं बाहेर आलं. ते पडलं नाही. मागच्या पायाच्या तळव्यावर तिनं ते झेललं आणि अंधारात सावकाश खाली सोडलं. मग दुसरं. संघपालनं मोजायला सुरुवात केली आणि सहा-सातच्या पुढं त्याचं मोजणं सुटलं. सात वर्षं तो उगाच काही मोजत नसे आणि मोजायचं सोडतही नसे. आता सुटलं, आणि त्याला बरं वाटलं. आतून पोकळ असलेली ती अंडी ती अशी खाली ठेवत होती की जणू खाली कुणीतरी हात पसरून बसलंय. या जमिनीवर माणूस यायच्या कितीतरी आधी कुणीतरी कुठंतरी असंच भिंतीकडं तोंड करून, न बघता, हेच केलं असणार, आणि त्या सगळ्या वेळात एकदाही कुणी त्याची नोंद केली नसणार. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. लीलाबाई न्हाणीच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर घेतलेला, कुणी मोठं माणूस घरात आल्यासारखा.

मग नत्थुजीनं माती लोटली. आधी ओली, मग कोरडी. पोटानं दाबली, वर झाली, पुन्हा दाबली, चौदा किलो. पाला ओढून घेतला. तासभर हे चाललं. आणि मग ती निघाली, एकदाही वळून न पाहता, परसाच्या दुसऱ्या टोकाला जिथं मेथीची जुडी होती तिथं जाऊन तिनं चौदावा दिवस उजाडायच्या आत पहिला घास घेतला.

पौर्णिमा तीनच्या बसनं आली. दारातूनच तिला मेथी चावायचा आवाज ऐकू आला आणि ती चपला न काढता परसात शिरली. नत्थुजीसमोर बसली, तिच्या कवचावर हात ठेवला, काही वेळ तसाच ठेवला. मग नाक पुसलं आणि उठली.

“सतरा?”

“असतील.”

“असतील काय? तू मोजले नाही?”

“नाही.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “बरं. काढायची हायेत ना ती? मॅडम म्हणल्या मुंग्या लागतात. कुठं हायेत दाखव.”

“इथं,” संघपाल म्हणाला, आणि बोट पुढं करून थांबला. कडुनिंबाखाली पाला सारखा पसरलेला होता. माती सारखी होती. कुठं ताजा फुगवटा नव्हता, कुठं खूण नव्हती. चार तास तो दोन हात अंतरावर बसून बघत होता, आणि आता त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं दोन पावलं डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. “म्हंजे इथं. नाही... थांब.”

“संघ्या, तू माती तपासतो ना?”

“पाय नोको हलवू ताई.”

पौर्णिमानं उचललेला पाय तसाच वर धरला. मग हळूच, अगदी हळूच, आधी होता तिथंच खाली ठेवला. लीलाबाई दारात येऊन म्हणाली, चहा झाला. दोघांपैकी कुणीच हललं नाही. खाली कुठंतरी सतरा किंवा किती अंडी होती, आणि दोघंही श्वास सांभाळत, एकमेकांचा हात धरून, जमिनीवर उभे होते.